एकटी होती, पाह्यलं नाही

दवाखान्यात खाटीच्या पायथ्याशी एक पुठ्ठा टांगलेला असते. त्याच्यावर तक्ता. तक्त्यात रोजच्या चार चौकटी: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा. हरेक चौकटीत पेशंटचा ताप, नाडी अन् बीपी मोजून लिहाचा. बस, इतकंच काम. ऐकाले सोपं वाटते. चाळीस पेशंट अन् एक सिस्टर असली म्हनजे मंग समजते सोपं कशाले म्हनतात ते.

हा दवाखाना आपल्या बुलढाणा जिल्ह्यातला, जानेफळापासून लय दूर नाही. गावाचं नाव काही सांगत नाही, नाव घेतलं की लोक माह्या घरी भांडाले येतीन. कागदावर तीस खाटी. पन पावसाळा सरता सरता तापाचे दिवस आले की व्हरांड्यातबी गाद्या पडतात अन् एका खाटीवर दोन पोट्टे निजतात, एकाचं डोकं तिकडं, एकाचं इकडं. सिस्टरच्या जागा नऊ. भरलेल्या पाच. त्या पाचातली एक बायतपनाच्या रजेवर, एक कोन्या तरी शिबिराले धाडलेली, ती पाच महिन्यांपासून शिबिरातच आहे. उरल्या तीन. पाळ्याबी तीन. एकीले ताप आला की दुसरी अठरा घंटे उभी.

मंग तक्ते भरत कसे? तर त्याची एक रीत होती. सिस्टर लोक आपसात तिले म्हनत, तक्ते जेवू घालनं. दहा वाजले की सारे पुठ्ठे टेबलावर गोळा कराचे, चहा मांगवाचा, अन् चहा थंडा व्हायच्या आत सगळ्याइचे आकडे मनानंच भरून टाकाचे. याले एकशेवीस-ऐंशी, त्याले एकशेदहा-सत्तर. सगळ्याइले सारखा आकडा नाही द्याचा, तपासनीवाल्याले शक येते. म्हाताऱ्याले जरा वरचा, पोरीले जरा खालचा. नाडी अठ्ठ्याहत्तर, ऐंशी, ब्याऐंशी. तक्ता पोट भरून झोपला की सगळे खुश. डॉक्टर खुश, वरचे साहेब खुश. पेशंटले कोनी विचारत नाही, तो बिचारा बिमार असते.

महामाया सिस्टर या कामात लय हुशार होती. बावीस वर्सं झालती नोकरीले. उंच, आडव्या हाडाची बाई, चष्मा दोरीनं गळ्यात, चालली की सलाईनच्या बाटल्या हालतात. ती रागावली की पेशंटचा ताप भेवानंच उतरते अशी गावात मस्करी. पन कोनाची माय उलटी करून राह्यली अन् ट्रे जवळ नसला, तर ही बाई सरळ आपली ओंजळ समोर करे. असं मानूस.

तीन वर्सांमागची गोष्ट. गावातला शेषराव चक्कर येते म्हनून भरती झाला. बाजारात मिरचीचं दुकान लावते तो, साठीचा गडी, काटक. त्या दिवशी महामाया एकटी. लेबर रूममधून दमून आली, हात धुतले, टेबलावर बसली, तक्ते जेवू घातले. शेषरावच्या चौकटीत लिहलं एकशेतीस-पंच्याऐंशी. त्यावक्ती दुसरे डॉक्टर होते, त्याइनं तक्ता पाह्यला अन् म्हनले, चांगलं आहे, जाऊ द्या घरी. दोन घंट्यांनी स्टँडवर सहा सीटर रिक्षात चढता चढता शेषरावचा उजवा हात अन् उजवा पाय गेला. त्याच खाटीवर परत आनला. मंग खरोखरचा बीपी मोजला. दोनशेदहा-एकशेवीस.

कोनी काही विचारलं नाही. तक्त्यावर तर एकशेतीस होतं ना. डॉक्टर म्हनले, अचानक वाढला असन. उभ्या होत्या त्या साऱ्याइनं मान हालवली. महामायानंबी हालवली. ती हालवलेली मान तिले अजून दुखते.

अन् शेषराव? तो दर गुरुवारी बाजारात मिरचीच्या ढिगाजवळ खुर्ची टाकून बसते, माप त्याची सून करते. महामाया दिसली की डावा हात वर करून मोठ्यानं म्हने, "जयभीम सिस्टर." उजवा उचलत नाही म्हनून डावा. अन् गिऱ्हाइकाले सांगे, या बाईनं माहं लय केलं, हागनंमुतनं काढलं. महामाया बाजाराले जाताना बांगडीवाल्याइच्या मांगून जाऊ लागली. तरी तो हात तिले दिसेच.

तवापासून तिनं एक ठरवलं. जो बीपी मोजला तो निळ्या पेनानं लिहाचा. जो मोजला नाही त्याच्या चौकटीत लाल पेनानं लिहाचं: एकटी होती, पाह्यलं नाही. खाली सही, वेळ.

पहिल्यांदा सगळे हासले. तिचं नाव पडलं लाल सिस्टर. मंग हासू सरलं. कारन लाल लिहलेलं दुरून दिसते. महिन्याचे तक्ते एका जागी ठेवले की गोवर निघाल्यावानी दिसत. अधीक्षक सोनुने साहेबानं तिले दोनदा बोलावून समजावलं. साहेब काही वाईट मानूस नव्हता, ते आधी सांगतो. अडोतीस वर्साचा, हाताले हुशार. तोबी एकटाच. ओपीडी त्यानंच पाहाची, पोस्टमार्टम त्यानंच कराचं, वरच्याइच्या मिटिंगा त्यानंच मोबाईलवर ऐकाच्या, एका कानात मिटिंग अन् दुसऱ्या कानात स्टेथोस्कोप. पन त्याचं म्हननं एकच होतं, की सिस्टर, तक्ता रिकामा दिसला तर वरचे म्हनतीन काम होत नाही. महामायाचं म्हननं होतं की साहेब, काम होतच नाही. ते वरच्याइले दिसाले पाहिजे ना. आपन चौकट भरून पाठवतो, तर वरून दुसरी सिस्टर कशाले येईन? चौकट तर म्हनते सगळं बरोबर आहे.

तर यंदाच्या एका हप्त्यात काय झालं, शुक्रवारी जिल्ह्यावरून तपासनीचं पथक येनार होतं. दवाखान्याले नंबर द्याले. भिंती रंगवल्या, कुंड्या आनल्या, मुतारीत फिनाईल वतून वतून लोकाइचे डोळे चुरचुराले लागले. अन् मंगळवारी सोनुने साहेबानं कोऱ्या तक्त्याइचा गठ्ठा महामायाच्या टेबलावर ठेवला अन् सांगतलं, हे महिन्याचे तक्ते नव्यानं उतरवा, निळ्या पेनानं.

महामायानं गठ्ठा उचलून पाह्यला. म्हनली, उतरवतो साहेब. पन जे रिकामं आहे ते रिकामंच राहीन.

साहेब चष्मा पुसत निंगून गेला.

बुधवारी सकाळची पाळी महामायाची. आठाले आली. रातच्या पाळीले प्रेरणा होती, ठेक्यावरची नवी पोरगी, चौदा महिन्याची नोकरी, अजून वॉर्डात पळताना चपला वाजते तिची. डोळे लाल, केसं सुटलेले. तिनं चार्ज देला अन् घरी गेली. महामायानं एक चक्कर मारली. सहाच्या चौकटी साऱ्या भरलेल्या, निळ्या, सुंदर अक्षरात. महामायाले समजाचं ते समजलं. तिनंबी बावीस वर्सातले एकोनीस वर्सं तेच केलतं.

सात नंबरच्या खाटीवर रेणुका होती. जानेफळाची सून, बावीस वर्साची, सोमवारी संध्याकाळी बायतीन झाली, पोरगी झाली. सोबत सासू अंबूबाई. ही अंबूबाई म्हनजे अशी, की दवाखान्यात भरती सून आहे का सासू हे दोन दिवस कोनाले समजलं नाही, इतकी ओरडे. चहा पातळ आहे, पंखा हळू आहे, पोरीले टोपडं काऊन नाही घातलं. महामायाचं अन् तिचं रोज भांडन. त्या सकाळी अंबूबाई म्हनली, सिस्टर, हिचं डोकं दुखून राह्यलं सकाळपासून. महामायानं कपाळाले हात लावला, ताप नव्हता. म्हनली, दोन मिनिटात येतो मशीन घेऊन.

मशीन घ्याले गेली. दवाखान्यात बीपीच्या मशीनी दोन. एकीच्या फुग्यातून हवा जाते, त्याले चिकटपट्टी लावली आहे. दुसरी बरी, ती ओपीडीत. ओपीडीकडं निंगाली तेवढ्यात लेबर रूममधून हाक आली. एक बाई रिक्षातच बायतीन व्हायले आलती. डोकं दिसून राह्यलं होतं. तथी काही दोन मिनिटं म्हनता येत नाही. महामाया आत गेली अन् दार लागलं. नऊ वाजले होते.

बाहेर आली तवा पावने अकरा. आत बाई जगली, पोरगं जगलं, जरा रक्त गेलं ते थांबवलं, टाके घातले. तोवर वॉर्डात चाळीस लोकाइले एकबी सिस्टर नव्हती. दोघाइच्या सलाईन संपून नळीत रक्त चढलं होतं. एका म्हाताऱ्यानं आपल्याच हातानं सुई काढून रुमाल बांधला होता. महामायानं आधी त्या नळ्या पाह्यल्या. मंग लाल पेन काढलं अन् दहाच्या चौकटी भरत खाट नंबर एकपासून निंगाली. एकटी होती, पाह्यलं नाही. एकटी होती, पाह्यलं नाही. मनात तिनं ठरवलंच होतं की सातवर पोचलो की आधी पोरीचं डोकं पाहू. सातवर पोचली, चौकटीत लाल लिहलं, अन् ओपीडीतून मशीन आनाले वळली तर समोर सोनुने साहेब राऊंडले.

साहेबाच्या हाती तोच पुठ्ठा लागला. सातचा. परवा तपासनी अन् शाई अजून ओली. त्याचं टाळकं सरकलं. साऱ्या वॉर्डासमोर म्हनला, बीपी मोजाले किती वेळ लागते सिस्टर? एक मिनिट. तुमाले एक मिनिट नाही भेटत, अन् लाल पेनानं सही कराले भेटते. कोन आहे रे तिकडं, ओपीडीतली मशीन आना. मी दाखवतो एक मिनिटात कसं होते ते.

मशीन आली. साहेबानं खिशातून मोबाईल काढला, त्याच्यावर घड्याळ चालू केलं, खाटीवर ठेवलं. साऱ्या वॉर्डानं माना इकडं वळवल्या. रेणुकाच्या दंडाले पट्टा बांधला, फुगा दाबला, कानात नळ्या घातल्या. पारा खाली उतरला. साहेबानं पाऱ्याकडं पुन्हा वाकून पाह्यलं. त्यानं पट्टा सोडला. मोबाईलवरचं घड्याळ तसंच चालू राह्यलं. पुन्हा बांधला. पुन्हा मोजलं.

"किती आहे?" महामायानं विचारलं.

"एकशेबहात्तर-एकशेबारा," साहेब हळू म्हनला. मंग रेणुकाकडं वळून, "बाई, डोळ्यासमोर अंधारी येऊन राह्यली का?"

रेणुका म्हनली, सकाळपासून काजवे दिसून राह्यले, पन सासू म्हने ते बायतपनानं होते. अंबूबाईनं पह्यल्यांदा तोंड बंद केलं.

मंग जे झालं ते लय भराभर झालं. बायतपनानंतर असा बीपी चढला म्हनजे झटके येऊ शकतात, अन् झटका आला की बाई हातची जाऊ शकते. हे महामायालेबी माहीत, साहेबालेबी. कोनी कोनाले रागावलं नाही. झटक्याचं इंजेक्शन भरलं, दोन्ही कुल्ल्यात देलं, बीपीची गोळी देली. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटले घेऊन बुलढाण्याले गेलती, म्हनून रेणुकाले इथीच सांभाळनं आलं. अन् ते इंजेक्शन देलं की पेशंटजवळून उठता येत नाही. दर पंधरा मिनिटाले श्वास मोजा, गुडघ्यावर मारून पाय उडते का पाहा, लघवी किती झाली पाहा. साहेब म्हनला, मी बसतो. अन् बसला. बाहेर ओपीडीत शंभर लोक ओरडून राह्यले होते, त्याइले सांगतलं थांबा. एक घंटा तो मानूस सात नंबरजवळ स्टुलावर बसून एका पोरीचा श्वास मोजत होता. म्हनूनच म्हनलं, वाईट मानूस नव्हता.

एक वाजता प्रेरणाले घरून बोलावलं. ती झोपेतून उठून आली. सात नंबरवर काय झालं हे ऐकलं अन् तिचा चेहरा चुन्यावानी झाला. सहाच्या चौकटीत तिच्याच सुंदर अक्षरात लिहलं होतं, एकशेअठरा-शहात्तर.

साहेबानं तो आकडा पाहून म्हनलं, सहाले तर चांगला होता, मंगच वाढला असन. प्रेरणानं मान हालवली.

महामायानं ती मान हालताना पाह्यली. तिले आपलीच मान दिसली, तीन वर्सांमागची. ती पोरगीले औषधाच्या खोलीत घेऊन गेली. काही विचाराच्या आधी पोरगीच रडाले लागली. म्हनली, ताई, मी बसूनच भरले होते. चार वाजल्यापासून दोन पोट्ट्याइले झटके येऊन राह्यले होते तापाचे, मी एकटी होती.

"मंग तेच लिहाचं होतं ना बाई," महामाया म्हनली. "तितकंच."

चार वाजेपर्यंत रेणुकाचा बीपी एकशेचाळीस-ब्याण्णववर आला. गुडघे उडत होते, लघवी होत होती. अंबूबाई पुन्हा चहाले नावं ठेवू लागली, तवा सगळ्याइले हायसं वाटलं.

पाच वाजता साहेबानं महामायाले केबिनात बोलावलं. दार लावलं. आवाज नरम होता. म्हनला, सिस्टर, बाई वाचली, चांगलं झालं. आता दहाच्या चौकटीत एकशेचोवीस-ऐंशी लिहून टाका. परवा पथकानं विचारलं की बायतीनबाईचा बीपी सहापासून अकरापर्यंत कोनी पाह्यला नाही, तर आपन दोघंबी जातो.

महामाया म्हनली, "दहाले तिचा बीपी किती होता हे तुमाले माहीत नाही साहेब. मलेबी नाही. तिच्या डोक्याले माहीत होतं, अन् ते सांगून राह्यलं होतं."

"एक आकडा आहे सिस्टर."

"हाव. अन् तो आकडा तथी राह्यला असता तर तुमी सातवरून आठवर गेले असते. रिकामं होतं म्हनून थांबले. माही इज्जत सगळ्याइसमोर उतरवाले थांबले, पन थांबले."

साहेबानं ड्रावर उघडून एक कागद काढला, तो आधीच टाईप करून ठेवलेला होता, फक्त तारीख टाकाची राह्यलती. तारीख टाकली, सही केली, तिच्यासमोर सरकवला. मेमो. रुग्णाच्या देखभालीत कसूर केली, शासकीय तक्त्यावर लाल शाईनं अनुचित शेरे मारले, तरी चोवीस तासात लेखी खुलासा सादर करावा. म्हनला, माझाबी नाइलाज आहे.

महामायानं कागदाची घडी केली, पर्समध्ये टाकली अन् घरी गेली. नवऱ्यानं विचारलं तर सांगतलं. तो म्हनला, माफी मांग, चार वर्सं राह्यली पेन्शनीले. ती म्हनली, भाजीत मीठ कमी आहे.

दुसरा दिवस गुरुवार, बाजाराचा. सकाळी दहाले महामाया निंगाली अन् बांगडीवाल्याइच्या मांगून न जाता सरळ मिरचीच्या लायनीत शिरली. शेषराव खुर्चीवर होता. डावा हात वर झाला.

"जयभीम सिस्टर. आज इकडून कशा?"

महामायानं एक रिकामं क्रेट उलटं केलं अन् त्याच्यासमोर बसली. मिरचीच्या ठसक्यानं डोळ्यात पानी आलं, ते तिनं पुसलं नाही, लोक काही समजोत. अन् सांगतलं. सगळं. चहा, तक्ते, एकशेतीस-पंच्याऐंशी. मांगून वळसा घालून जात होती तेबी सांगतलं. सूनबाईच्या हातातला तराजू हवेतच राह्यला.

शेषराव मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडं पाहत राह्यला. मंग विचारलं, "म्हनजे मोजलाच नव्हता?"

"नाही."

"मोजला असता तर हा हात राह्यला असता का?"

"कदाचित. नक्की सांगता येत नाही."

एक गिऱ्हाईक आलं, मिरची तिखट आहे का म्हनलं. शेषराव त्याच्याकडं न पाहता म्हनला, खाऊन पाह्य. गिऱ्हाईक निंगून गेलं.

"तीन वर्सं मी तुले हात करून राह्यलो," तो म्हनला. आजवर तो तिले तुमी म्हने. "आता काऊन सांगून राह्यली?"

महामायानं मेमो काढून दाखवला. म्हनली, याचं उत्तर आज देनार आहो. त्याच्यात हे लिहनार आहो, तुमचं नाव घालून. कागदावरून समजन त्याच्या आधी माह्या तोंडून समजाले पाहिजे. तुमी म्हनले नको लिहू, तर नाव नाही टाकत.

शेषरावनं डाव्या हातानं उजवा हात उचलला अन् दुसऱ्या मांडीवर नीट ठेवला, पोट्टं निजवल्यावानी.

"नाव पुरं लिही," तो म्हनला. "बापाच्या नावासकट. अन् कोनाले सही लागली तर डाव्या अंगठ्याची देतो म्हन. पन मी माफ केलं असं समजू नको."

"नाही समजत," महामाया म्हनली अन् उठली. चार पावलं गेल्यावर तिनं मांगं पाह्यलं. हात वर झाला नाही. तो खालीच होता, उजव्याच्या शेजारी.

दवाखान्यात येऊन ती औषधाच्या खोलीत बसली अन् खुलासा लिहाले घेतला. आधी कचेरीच्या भाषेत सुरू केला, महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून. दोन ओळीत तिचं डोकं दुखलं. फाडला. मंग जसं बोलते तसंच लिहलं.

"साहेब, बुधवारी नऊपासून पावने अकरापर्यंत मी लेबर रूममध्ये होती. वॉर्डात चाळीस पेशंट अन् सिस्टर कोनी नाही. चाळीस पेशंटचा बीपी, ताप, नाडी नीट मोजाले तीन घंटे लागतात. माह्या पाळीत दोन वेळा येते, दहाले अन् दोनले, म्हनजे सहा घंटे. माही पाळी सहा घंट्याची आहे, अन् त्याच्यात इंजेक्शन, सलाईन, गोळ्या, बायतपनं, ऑनलाईन भरनं, सिलिंडर बदलनं, लोकाइच्या शिव्या खानं हेबी आहे. म्हनून चौकटी रिकाम्या आहेत. त्या मी रिकाम्या ठेवल्या नाही, त्या रिकाम्याच होत्या. मी फक्त झाकल्या नाही. तीन वर्सांमागं शेषराव निवृत्ती तायडे यांच्या तक्त्यावर मी न मोजता १३०/८५ लिहलं. त्याच्यावरून त्यांना घरी सोडलं अन् लकवा झाला. ही माही कसूर आहे, त्याची जी सजा असन ती द्या. पन रिकाम्या चौकटीची सजा मी घेत नाही. ती ज्यानं चार जागा भरल्या नाही त्याले द्या. लाल पेन माह्या पैशाचं आहे, ते चालू राहीन."

खाली सही, तारीख, वेळ. प्रेरणाचं नाव त्याच्यात कुठीच नव्हतं.

आवक-जावकच्या खिडकीत धम्मरत्न बाबू होता. कागद घेतला, पेपरवेटखाली ठेवला, म्हनला, ठेवा, साहेबाले दाखवून मंग पोच देतो. महामायाले ही मंग चांगली ओळखीची होती. मंग म्हनजे कागद हरवते.

"पोच घेतल्याशिवाय हालत नाही," ती म्हनली.

"वॉर्ड कोन पाह्यते मंग?"

"आज दोघी आहोत. उद्याच्या पाहुन्याइसाठी आज दोघी देल्या आहेत. चौदा महिन्यात पह्यल्यांदा. म्हनून म्हनतो, उभं राहाले आजच्यासारखा दिवस नाही."

आवाज ऐकून सोनुने साहेब बाहेर आला. पेपरवेटखालचा कागद घेतला, उभ्या उभ्या वाचला. शेषरावपाशी थांबला. पुन्हा वाचलं. म्हनला, सिस्टर, हे आवक झालं की मले थांबवता येनार नाही. वरपर्यंत जाईन. चौकशी लागन तुमच्यावर. शेषरावचं लिहाची काहीच गरज नव्हती, ते कोनालेच माहीत नव्हतं.

"त्याचीच गरज होती साहेब," महामाया म्हनली. "बाकीचं तर तुमाले माहीतच आहे."

साहेबानं कागद धरून ठेवला. खिडकीपाशी लाईनीत उभे असलेले दोन-चार लोक आता साहेबाकडंच पाहून राह्यले होते. त्याच्यात अंबूबाई होती, जन्माच्या दाखल्याचं विचाराले आलती. ती म्हनली, "काय साहेब, त्या बाईले तिचा शिक्का द्या ना, माही नातबी दाखल्यासाठी ताटकळून राह्यली." साहेबाच्या तोंडावर काहीतरी आलं, हासू नव्हतं, पन त्याच्या जवळपासचं होतं. त्यानं कागद बाबूसमोर ठेवला.

धम्मरत्ननं शिक्का मारला. ठप्प. आवक क्रमांक टाकला. महामायानं दुसरी प्रत समोर केली, तिच्यावरबी मारून घेतला. ती प्रत घडी न करता तिनं वॉर्डात नेली अन् टेबलामांगच्या खिळ्याले अडकवली, जथी मेमो तिनं बाजारातून आल्याबरोबर अडकवला होता.

दोन वाजत आले होते. ओपीडीतली बरी मशीन तिनं मांगून आनली होती. प्रेरणानं चिकटपट्टीवाली घेऊन व्हरांड्याकडून सुरुवात केली, महामायानं एक नंबरपासून. सातवर आली. रेणुकाच्या कुशीत पोरगी दूध पिऊन राह्यली होती. पट्टा बांधला, फुगा दाबला, कान देऊन ऐकलं. एकशेचौतीस-शहाऐंशी. निळ्या पेनानं लिहलं. त्याच तक्त्यात कालच्या सहाच्या चौकटीतला एकशेअठरा-शहात्तर आडव्या रेघेनं खोडलेला दिसला, अन् त्याच्या खाली नव्या लाल अक्षरात तेच चार शब्द अन् प्रेरणाची सही. महामायानं पुठ्ठा परत टांगला. व्हरांड्यात चपला वाजून राह्यल्या होत्या.

सव्वीस खाटी झाल्या. सत्ताविसाव्यावर पट्टा काढला अन् लेबर रूममधून हाक आली. प्रेरणा व्हरांड्यात सलाईन लावून राह्यली होती. महामायानं मशीन ठेवली, खिशातून लाल पेन काढलं. उरलेल्या चौकटी तिनं उभ्या उभ्या, घाई न करता लिहल्या, मोठ्या अक्षरात. उद्या पथक येनार होतं, अन् त्याइच्यातल्या एखाद्याले चष्मा असू शकते.